वरच्या खोलीतले गहू

तुळजापुरात राहायचं आणि देवळाची पायरी चढायची नाही, हा माझा वीसेक वर्षांचा हट्ट. सास्तूरच्या भूकंपात आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. नवरात्रात घटाला पाणी घालताना ती गायची. पुढं गाव नव्यानं वसलं, लग्न होऊन मी तुळजापुरात आले, पण घट मी कधी बसवला नाही. देवीवर रुसलेय म्हणायची. खरं तर आईच्या गाण्यातला एक शब्दही मला आठवत नव्हता, आणि मुक्यानं घट बसवायची लाज वाटायची.

आमच्या वरच्या खोलीत फर्जाना भाड्यानं राहते. अफगाणिस्तानातली, इथं कॉलेजात शिकते. तिची आई लढाईत गेली, बहिणी तीन देशांत पांगल्या. गेल्या चैत्राच्या तोंडावर ती ताटलीत गच्चीवर करपलेले गहू घेऊन खाली आली. त्यांच्याकडं नव्या वर्षाला बायका कोंब आलेल्या गव्हांची खीर करतात आणि ढवळताना गातात. धाकट्या बहिणींना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. फर्जाना त्यांना ते फोनवरून शिकवणार होती. आठ दिवस उरले होते.

"काकू, गाणं मला येतं," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "गहू आई करायची. मी फक्त बघायची."

"अगं, गच्चीवरच्या उन्हात कोंब येत न्हाय, लाह्या व्हतात."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

मी कोठीतले गहू भिजवले, ओल्या फडक्यात बांधले, मग परडीत पसरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही. हातांना ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी पाणी शिंपडताना तोंडून आपसूक आलं, "पयल्या माळंला आंबाबाई, पानी घालिते घटाला." मी दचकून थांबले.

"थांबू नका, काकू." दारातली फर्जाना फोनवर गाणं भरून घेत होती. नऊच्या नऊ माळा आल्या. मी तिथंच बसून पोटभर रडले.

खीर झाली, बहिणी फोनवर तिच्या मागं मागं गायल्या. धाकटीचे शब्द चुकत होते, तरी ती गात होती.

आश्विनात मी घट बसवला. इतकी वर्षं वाटायचं, देवीनं माझं गाणं नेलं. तिनं ते जपून ठेवलं होतं; हट्ट सोडून हात पुढं करायचं तेवढं माझ्याकडं होतं. पाचव्या माळेला गाताना मी अडखळले. शेजारी बसलेल्या फर्जानानं पुढची ओळ म्हटली, अगदी माझ्या आईच्या चालीत.