ऑर्व्हल ट्रूबी आणि एका जागी लागणारे बाण

टॅलो क्रीकमध्ये टपाल वाटणारा ऑर्व्हल ट्रूबी फाटकाशी थांबला की घरातली माणसं पडदे ओढून घेत. पत्र लगेच हातात पडायचं हो, पण त्यामागून बाणाच्या टोकांवरचं व्याख्यान सुरू व्हायचं, आणि ते थांबवणारा माणूस अख्ख्या मोंटानात जन्माला आला नव्हता.

एल्क, म्हणजे तिथला घोड्याएवढा सांबर, मारायचा तर बाणाला धारदार पात्यांचं टोक लागतं. सराव मात्र बिनपात्यांच्या गुळगुळीत टोकावर करतात. दोन्ही एकाच जागी लागली की धनुष्य जुळलं म्हणायचं. पण पात्यांना वारा लागतो, बाण भरकटतो, आणि त्याच्या मागोमाग माणसाचं डोकंही.

त्या वर्षी सोडतीत ऑर्व्हलचं नाव निघालं. ब्लॅकटेल डोंगरातल्या नर एल्कचा परवाना! त्यासाठी अर्ज करता करता माणसं म्हातारी होतात; ऑर्व्हल झालाच होता. त्याच्या उजव्या खांद्यावर हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरनं तोंडावर सांगून टाकलं होतं, यापुढे धनुष्य ओढायचं विसरा. म्हणजे ही शिकार शेवटची. त्याला आतून भडभडून यायचं. मग तो दुकानात जाऊन नवी टोकं घेऊन यायचा.

मिटणाऱ्या पात्यांची आणली. दोन पात्यांची आणली. चार पात्यांची तर अशी देखणी की शोकेसमध्ये ठेवावीत. सगळी डावीकडे जायची. परसात निशाणाला ठेवलेल्या गवताच्या गठ्ठ्याला सोडून बाण बायकोच्या, नोरीनच्या, टोमॅटोत घुसायचे.

"अरे, एल्क टोमॅटोत येऊन उभा राहणार आहे का?" नोरीन खिडकीतून ओरडायची.

"टोक चुकीचं आहे, बाई!"

"टोकाच्या मागे कोण उभं आहे ते बघ आधी!"

तो काय बघणार, कप्पाळ! पण शेवटी टोकं आणून आणून कंटाळला, आणि बाण ज्या आडणीवर टेकतो ती त्यानं केसभर सरकवली. आखूड, तीन पात्यांचं एक टोक लावलं. बाण सोडला. शेजारी सरावाचा बाण सोडला. दोघं एकमेकांना खेटून बसले. ऑर्व्हल अंगणात नाचला, आणि दुसऱ्या दिवशी गावाचं टपाल दुपारनंतर पोचलं.

सप्टेंबरात तो मेव्हण्याला, डेल्मरला, घेऊन डोंगरात गेला. डेल्मरचं काम मागे बसून नराला भुलवायला मादीचा आवाज काढायचं. शेजारच्या तंबूतले शिकारी संध्याकाळी कॉफीला आले आणि तिथेच घात झाला. ऑर्व्हलला श्रोते मिळाले! पाती बोथट होऊ नयेत म्हणून त्यानं ती सगळ्या बाणांवरून काढली, मऊ कापडाच्या डबीत निजवली, सरावाची टोकं लावली आणि एका कुजक्या बुंध्यावर बाण सोडू लागला.

"पातं लावा नाहीतर हे लावा, जागा तीच! फरक दाखवा, माझं नाव बदलतो!"

"बदलू नकोस बाबा, कुलूप लाव तोंडाला," डेल्मर म्हणाला. "उजाडायच्या आत निघायचंय."

उजाडायच्या आत निघाले. डेल्मरनं झाडामागून साद घातली. पलीकडून नराची शीळ आली, मग फांद्या मोडल्याचा आवाज, आणि तो आलाच की! कसलं जनावर होतं! नाकातून वाफ, मानेला चिखल, शिंगं फांद्यांच्या वर. येऊन उभा राहिला तो इतका जवळ, की नोरीननं लाटणं फेकलं असतं तरी लागलं असतं.

ऑर्व्हलनं नजर न हलवता भात्याच्या झाकणाखालून बाण उपसला, लावला. खांदा ठणकला. दोरी गालापर्यंत आली. आणि त्याला बाणाचं टोक दिसलं. गोल, गुळगुळीत, बिनपात्याचं.

सोडला असता तर बाण हव्या त्याच जागी गेला असता, त्याची खात्री होती. पण जनावर मेलं नसतं, पार दरीत जाऊन दिवसचे दिवस तडफडलं असतं. ऑर्व्हल बडबड्या होता, नीच नव्हता. त्यानं दोरी हळूहळू परत सोडली. भात्यात चाचपलं. सगळी गोलच.

एल्कनं त्याच्याकडे बघितलं, आणि चालत निघून गेला. पुढच्या दिवसांत शीळसुद्धा आली नाही.

"पाती कुठायत?" एल्क दिसेनासा होताच डेल्मरनं विचारलं होतं.

"तंबूत. डबीत."

डेल्मर हसायला तोंड उघडणार होता. पण म्हातारा खांदा धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, तेव्हा त्यानं गुपचूप थर्मासचं झाकण उघडून कॉफी पुढे केली.

हिवाळ्यात खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑर्व्हल एक हात गळ्यात बांधून पत्रं वाटू लागला. शाळेत आलेल्या नव्या मास्तरांना गावानं अजून सावध केलं नव्हतं. त्यांनी फाटकाशी हौसेनं विचारलं, "यंदा मीही एल्कला जाणार म्हणतो. कुठलं टोक लवकर जुळतं हो?"

शेजारणीनं घाईघाईनं पडदा ओढला.

ऑर्व्हलनं त्यांच्या हातात पत्र दिलं. "बाणावर असेल ते," म्हणाला, आणि पुढच्या फाटकाकडे वळला.