चिंचेच्या पाण्यातला कार्बोरेटर

ये गो, अशी उंबऱ्यात उभी राहू नकोस, इकडे माझ्याजवळ येऊन बस. ते हेल्मेट ठेव बाजूला. नवी गाडी घेतलीस, आनंद आहे, तुझा पेढाही खाल्ला मी. पण मागल्या रविवारी शहापुराहून मुरबाडला जाताना सापगावातून गेलीस आणि भावजींच्या ओट्याकडे मानसुद्धा वळवली नाहीस, हे काही बरं केलं नाहीस. ते हात वर करून उभे होते, मी आमच्या खिडकीतून बघत होते. तुझ्या गाडीत कार्बोरेटर नाही हे मला ठाऊक आहे. रागावले ती त्यामुळेच. तुम्ही सगळी पोरं असल्या गाड्या घेत सुटलात, तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय, सांग बघू?

शहापूर आणि मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांत माझ्या धाकट्या दिरांसारखा कार्बोरेटर साफ करणारा माणूस झाला नाही, हे मी कुठेही उभी राहून सांगेन. नोकरी केली टेलिफोन खात्यात, लाइनमनची. गाडीचं शिक्षण म्हणशील तर काही नाही. पण निवृत्त झाल्यावर ओट्यावर चटई टाकून बसले आणि रविवारी त्यांच्यापुढे डोळखांबपासूनच्या गाड्या लागायला लागल्या. कार्बोरेटर म्हणजे काय हे ते आल्यागेल्याला समजावून सांगत. "ह्यो गाडीचा घसा. पेट्रोल न् हवा हितं मिसळून पोटात जाते. घशात कचरा आला का गाडी खोकते, न् मंग बसते." आणि स्वतः असे खोकून दाखवायचे की शेजारची कोंबडी उठून जायची. दुखणं गाडीचं असलं, तरी चहा पिऊन माणसाचीही चौकशी व्हायची. कोणाची सोयरीक अडली आहे, कोणाचा भाऊ कामाला गेला तो परतला का, सगळं त्या ओट्यावर निघायचं.

त्यांची पद्धत म्हणजे आंबट. तांब्याचा हंडा ज्याने लख्ख होतो त्याने कार्बोरेटर का नाही होणार, हा त्यांचा सवाल. त्यात पुन्हा प्रत्येक गाडीचं आंबट वेगळं. कल्याणकडे जाऊन-येऊन असलेल्या गाडीला लिंबू. गवताचे भारे वाहणाऱ्या गाडीला अंबाडीचा पाला. डोंगरातल्या गाडीला मात्र जुनी काळी चिंचच हवी, कारण तिकडची धूळ हट्टी, असं त्यांचं ठाम मत. आंबट पाण्यात कार्बोरेटर उकळायचा, ब्रशाने घासायचा, सायकलच्या पंपाने हवा मारायची आणि तेवढ्याने मन भरलं नाही तर स्वतःचं तोंड लावून फुंकायचं. मिशीला कायम पेट्रोलचा वास. माझी जाऊ म्हणायची, "बाय, ह्यांच्याजवळ काडी पेटवाया भ्या वाटतो मला." आतल्या बारीक भोकासाठी टेलिफोनच्या तारेतला एक धागा कानावर खोचलेला असायचा, शिंपी पेन्सिल खोचतो तसा. लग्नाला गेले तरी तो कानावर. नवऱ्याची वरात गाडीवरून निघायची असेल तर आधी ती गाडी सुरू करून, तिचा आवाज ऐकून मगच अक्षता घ्यायचे.

आता बोंबलाच्या कालवणाची गोष्ट तुला सांगायलाच हवी. चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी पाहुणे होते. जावेने सुक्या बोंबलासाठी चिंच भिजत घातली होती आणि चुलीवर पातेलं ठेवायला आत आली, तर चुलीवर चिंचेचं पाणी आधीच रटरटत होतं. तिला वाटलं, आपणच मघाशी ठेवलं असेल. तिने त्यात घरचा मसाला घातला, मीठ घातलं आणि डाव फिरवला, तर खालून टणकन आवाज. डावात वर आला तो पाथर्डीपाड्याच्या कोणा गाडीचा कार्बोरेटर, तांबड्या मसाल्यात न्हालेला. जाऊ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, ह्यो कंचा मासा?" दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. आमच्या भावजींनी तो चिमट्याने उचलला, उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "मसाला टाकलास ते बेस केलंस. तिखटानं मळ सुटला बघ." पाहुण्यांना त्या दिवशी वरण-भातावर भागवावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी ती गाडी पहिल्या किकला सुरू झाली. तेव्हापासून चिमूटभर घरचा मसाला पडल्याशिवाय त्यांचं पाणी पुरं होत नाही. आमच्या जावेला त्यांनी जाहीरपणे आपली गुरू मानलं. तिने मात्र पातेलं वेगळं करून त्याला लाल दोरा बांधला.

मग तुझ्यासारख्या गाड्या आल्या. जावेचा भाचा वैशाखऱ्याहून नवी कोरी गाडी घेऊन पाया पडायला आला. भावजींनी नमस्कार घेतला आणि पाने-पकडीची पिशवी मागवली. "मामा, नव्या गाडीत कार्बोरेटर नसतो, पेट्रोल यंत्र मोजून सोडतं," तो सांगत राहिला. "नसतो कसा? घशाबिगर जनावर असतं का?" म्हणत भावजींनी सीट काढली, टाकी काढली, सगळं अंगण भरून सुटे भाग मांडले. दुपारपर्यंत शोध चालला होता. शेवटी उठले आणि हात पुसत म्हणाले, "लपवलाय कंपनीनं." भाच्याला गाडी टेम्पोत घालून परत न्यावी लागली.

पण त्यानंतर ओटा रिकामा पडू लागला. आधी रविवारी दोन-चार गाड्या, मग एखादी, मग कोणीच नाही. जाणारी पोरं लांबूनच हात करायची. भावजी मात्र आपल्याच गाडीचा कार्बोरेटर काढायचे, उकळायचे, बसवायचे. इतका धुतला की त्याचे आटे गेले आणि पेट्रोल गळायला लागलं. जेवण अर्ध्यावर सोडायला लागले. एवढा बोलका माणूस, पण मी गेले तर "बसा वयनी" म्हणायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे.

आम्हा दोघी जावांना ते बघवेना. आम्ही नातेवाइकांत चौकशी लावली. माझ्या बहिणीच्या गोठ्यात एक जुनी गाडी धूळ खात पडली होती, तिचा कार्बोरेटर सोडवून गोणपाटात घालून आणला. तो झाल्यावर दुसरा, तिसरा. भावजी पुन्हा चटईवर बसले, पुन्हा खोकून दाखवायला लागले, भाकरी मागून घ्यायला लागले. पुढे आम्हाला सापडेनात, तेव्हा जावेने धुतलेलाच एक उचलला, त्यात चुलीपुढची माती भरली, पेट्रोलचा चिखल केला आणि लांबच्या पाहुण्याकडून आलाय म्हणून त्यांच्यापुढे ठेवला.

मी तिथेच बसले होते. त्यांनी तो उघडला, आतली वाटी बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं.  मग हळूच मला म्हणाले, "वयनी, ह्यात राख हाय. आमच्या चुलीतली." मी पदर नीट करत बसले. त्यांनी जावेकडे चिंच मागितली नाही, आत जाऊन स्वतःच डब्यातून काढली, भिजत घातली आणि चुलीपाशी बसलेल्या तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "लई खराब झालाय गो ह्यो. चार दिवस लागतील."

चार दिवस लावले त्यांनी. जाऊ रोज विचारायची, "सुटला का मळ?" आणि ते म्हणायचे, "सुटंल, सुटंल. घाई नको."

म्हणून तुला सांगते, तुझ्या वडलांची जुनी गाडी कल्याणला जिन्याखाली उभी आहे ना, वर्षानुवर्षं किक न मारलेली? भंगारात देऊ नका. धुऊ-पुसू पण नका, आतलं जुनं पेट्रोलही काढू नका. उंदराने त्यात घर केलं असेल तर त्यालाही राहू दे. तशीच टेम्पोत घाल आणि ह्या रविवारी घेऊन ये. ओट्यापाशी उतरवून नुसतं म्हण, काका, ही चालत नाही. येशील ना? लवकर ये.