हिरव्या शिवराया

मला लोक तापट म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भांड्यांच्या दुकानात दिवसभर ठणठणाट ऐकून कुणाचं डोकं थंड राहिलं असेल तर त्यानं येऊन मला सांगावं. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पेठेत आमचं तांब्यापितळेचं दुकान होतं. खरं म्हणजे तेव्हा लोक तांबं-पितळ विकत घ्यायचे कमी, आणि जुनं मोडीत घालून स्टील न्यायचे जास्त. उजनी धरणाचं पाणी वर यायला लागलं तशी काठच्या गावांतून हंडे, घंगाळं, पराती यांची रीघच लागली. घर उठवून दुसरीकडं न्यायचं, तर एवढी जड भांडी कोण वाहणार?

मोड घेण्याचा आमचा एक शिरस्ता होता. भांडं स्वच्छ घासलेलं असलं तरच तराजूत घ्यायचं. चुलीची काजळी अन् वाळलेला चिखल तांब्याच्या भावानं मी का म्हणून घ्यावा? शिवाय घासलं की झाळून डाग दिलेली जागा, सांधा, चीर, सगळं उघडं पडतं. त्यामुळं "आधी घासून आणा, मग बोलू" हे वाक्य दिवसातून वीसदा तरी माझ्या तोंडून बाहेर पडायचं. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा बरळता.

त्या मोडीतच मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. हंड्याच्या तळाशी, फडक्याच्या गाठीत शिवराया, म्हणजे शिवकाळापासूनची तांब्याची नाणी, निघायची. लोकांना वाटतं, नाणं जुनं म्हणजे मोलाचं. काय डोंबलाचं मोलाचं! शिवराई आमच्याकडं पायलीला पन्नास. मोल असतं अक्षरांचं. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून बहुतेक नाण्यांवर अर्धीच अक्षरं उमटलेली. ‘छत्रपति’ ही चारही अक्षरं पूर्ण, आणि मागची बाजूही शाबूत, असं नाणं शेकड्यात एखादं.

त्यात पुष्कळशी मातीतून निघालेली, म्हणजे हिरवी. हा हिरवा रंग ओळखण्यातच सगळी गोम. मी नाणं दाराशी नेऊन सकाळच्या तिरप्या उन्हात धरायचो आणि अंगठ्यानं हळूच चोळायचो. बोटाला फिकट हिरवी पिठी लागली, तर त्या नाण्याला रोग लागलाय, ते आतून खाल्लं जातंय, सोडून द्यायचं. पण हिरवा गर्द असेल, घट्ट आणि गुळगुळीत असेल, तर हात जोडायचे आणि त्याला काहीएक करायचं नाही. अशा नाण्यात बऱ्याचदा खालच्या तांब्यावर अक्षर उरलेलंच नसतं. ते त्या हिरव्या थरातच असतं. थर गेला की अक्षर गेलं, आणि मग उरतो तो नुसता तांब्याचा तुकडा. हे शिकायला माझी स्वतःची चांगली तीस-चाळीस नाणी वाया गेली होती.

एका लग्नसराईत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, एक बाई आली. पस्तिशीची असेल. धरणाकाठच्या गावची. दोन पराती तोलून झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि अकरा नाणी माझ्यापुढं ठेवली.

"दादा, ही बी तांबंच हाय न्हवं? घर उतरवताना उंबऱ्याखाली घावली."

नऊ साधी होती. पण दोन! गर्द हिरवी, दोन्ही बाजूंची अक्षरं बोटाला लागणारी. मला तर गर्दीचा विसरच पडला.

"बाई, ही मोडीत घालायची नाहीत. या दोन्हींचे चांगले पैसे येतील."

"चांगले म्हंजे किती? जुनं शिलाई मशीन ईल? हातानं फिरवायचं?" तिनं भडाभडा सांगून टाकलं. शेत पाण्याखाली चाललं होतं, नवऱ्याला दम्यानं काम होत नव्हतं. शेजारणीच्या मशीनवर ती ब्लाउज शिवायला शिकली होती. नव्या गावठाणात स्वतःचं मशीन असलं की दोघांचं पोट भागणार होतं.

"येईल," मी म्हणालो. "गुरुवारी पुण्याचे एक वकील येणार आहेत, ते अशी नाणी घेतात. तेव्हा घेऊन या."

पुण्याचे वकील म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. वर्षातून दोनदा यायचे आणि मोजकं पण मोलाचं घेऊन जायचे. बाईचा चेहरा असा फुलला की मलाच बरं वाटलं. तेवढ्यात घंगाळाच्या वजनावरून एक जण भांडायला उठला, दुसरा परात आपटायला लागला. बाई जाता जाता विचारत होती, "मग अशीच आनू का दादा?"

मी वरही पाहिलं नाही. ओरडलो, "घासून आणा!"

गुरुवारी ती वकिलांच्या आधीच येऊन बसली होती. धुवट लुगडं, हातात नवा रुमाल. वकील आले, चहा झाला, आणि तिनं रुमाल उलगडला.

अकराच्या अकरा नाणी गुलाबी, लखलखीत.

"चार दिस चिंचंत ठिवली, मग राखंनं घासली," ती म्हणाली. "बगा की, कशी चकाकत्यात!"

वकिलांनी भिंग काढलं. मला भिंगाची गरज नव्हती. त्या दोन नाण्यांवर देवी आल्यासारखे नुसते खड्डे होते. ‘छ’चा एक वळसा उरला होता, बाकी सपाट. कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं. नाणी चिंचेत होती त्या चार दिवसांत ही बाई मनात काय काय शिवत असेल, तेच डोक्यात येत राहिलं.

"अरेरे," वकील म्हणाले, "घात केलात हो बाई. उभ्या पिकावर कुणी नांगर फिरवावा तसं केलंत." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही यांना सांगितलं नव्हतंत का?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज असलेला मी, तराजूची पारडी सारखी करत बसलो.

"सांगितलं व्हतं की त्येंनी," बाईच म्हणाली. "मीच इसरले. आमाला काय कळतंय त्यातलं."

"बघा," वकील मला म्हणाले, "म्हणून यांना दोनदोनदा सांगावं लागतं." मी मान हलवली. होय, हलवली! आजही ते आठवलं की माझी मला शिसारी येते. वकिलांनी माझ्याकडची दुसरी दोन नाणी घेतली, पैसे मोजले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मी गल्ल्यातून त्या मशीनच्या किमतीएवढे पैसे काढून तिच्यापुढं ठेवले. तिनं त्यांना हात लावला नाही.

"तांब्याचं वजन करा," ती म्हणाली. "त्याचं जे हुईल ते द्या."

"अहो बाई, घ्या ना. चूक माझी आहे."

"तुमी फुकट द्याचं अन् म्या फुकट घ्याचं, हे न्हाय जमायचं. वजन करा."

मी अकराही नाणी तराजूत टाकली. पाव किलोच्या निम्मीसुद्धा भरली नाहीत. जे काय झालं ते दिलं, आणि तिनं ते कनवटीला लावलं. मग मात्र मला राहवेना.

"मीच ओरडलो होतो ना, घासून आणा म्हणून? मग त्यांच्यापुढं तसं का सांगितलंत?"

तिनं रिकामा रुमाल झटकला आणि घडी घातली.

"माजं मशीन तर गेलंच की दादा," ती म्हणाली. "आता तुमचं गिऱ्हाईक कशाला घालवू?"