बाटलीभर समुद्र

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत नीट बसवत नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. ते हळूहळू विसरत चाललो आहे. ही एका बाटलीची साधी गोष्ट मात्र विसरता येत नाही. मी मुदतीआधी पेन्शन घेतली तेव्हा लोकांनी तब्येतीचं कारण धरलं. मी त्यांना तसंच समजू दिलं.

रिसोडच्या ठाण्यावर मी नवा ठाणेदार होतो. त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह चालू होता. समुद्र इतका दूर, तरी वऱ्हाडात लोक खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ करत आणि तुरुंगात जात. खाऱ्या पाण्याची खबर आली की ताबडतोब कारवाई करायची, असा वरून हुकूम होता.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी आमचा खबऱ्या आला. "साहेब, पिंजारी, शिंपी आन् लोहार, तिघं दोस्त धा-बारा दिस गावात नव्हते. काल आले. शिंप्याच्या दुकानात बाटली लपवेल हाय. खारं पानी हाय म्हन्तेत."

दोन पंच घेऊन मी झडती घेतली. चिंध्यांच्या ढिगाखाली सरबताची बाटली निघाली. बूच मेणानं पक्कं बंद केलेलं. पंचनामा केला, लाखेची मोहर लावली आणि तिघांना ठाण्यात आणलं. तिघंही तिशीच्या आतले, एकाच गल्लीत वाढलेले.

वेगवेगळं बसवून जबान्या घेतल्या. पिंजारी म्हणाला, "मेडशीले गाद्या पिंजायले गेल्तो." शिंपी म्हणाला, "वाशीमले कापड आनायले." लोहार म्हणाला, "ते दोघं गेले तथीच मीबी गेल्तो."

"म्हणजे कुठं?"

"त्यायलेच इचारा ना साहेब. मले गावाची नावं ध्यानात राह्यत नाईत."

आमच्या जमादारांना हसू आवरेना. मला मात्र राग आला. खोटं बोलणारा माणूस बहुधा घाम पुसतो, पाणी मागतो, दाराकडे पाहतो. हे तिघं पुन्हापुन्हा टेबलावरच्या बाटलीकडे पाहत होते, तान्हं मूल परक्याच्या हाती दिल्यासारखे. ते मी टिपलं, पण त्याचा अर्थ उलटा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटलीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. जमादार वयानं मोठे होते. म्हणाले, "साहेब, मोहरबंद मुद्देमाल हाय. अकोल्याले धाडून देऊ, तपासतीन थे लोक." आमचं जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा अकोला होतं. पण मला घाई होती. पंचांसमोर मोहर तोडली, ठाण्याच्या चुलीवर पातेलं चढवलं आणि सगळं पाणी आटवलं. तळाशी चमचा-दीड चमचा पांढरं मीठ उरलं. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो.

तिघांना एकत्र बोलावलं आणि पातेलं पुढं सरकवलं. "आता बोला."

पिंजाऱ्यानं आत पाहिलं. "पानी कुठी गेलं, साहेब?"

"आटवलं."

त्यानं पातेलं दोन्ही हातांनी जवळ ओढलं. शिंपी मात्र ओरडला, "आटवलं? अवो, याचा बाप हाय त्या पान्यात!"

मग सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी पिंजाऱ्याचा बाप हजला गेला होता. परतताना आगबोटीवर वारला. किनारा दूर होता, म्हणून नमाज पढून देह समुद्राला दिला. घरी नुसती बातमी आली. इतर बाया आपल्या माणसांच्या कबरींबद्दल बोलत, तेव्हा याची आई गप्प बसे. आता तिनं अंथरूण धरलं आणि पोराला म्हणाली, "मले एकडाव त्या पान्यात हात घालू दे." तिला तिथवर नेणं शक्य नव्हतं. असं पाणी घरी आणणं मशिदीतल्या बुजुर्गांना पटलं नसतं, म्हणून ही लपवाछपवी.

"मुंबईत धक्क्यावर पान्यावर तेल तरंगून राह्यलं होतं," लोहार सांगू लागला. "असं पानी अम्माले कसं न्याव? मंग आगबोटीनं कोकनात गेलो, येका लहान्या गावी उतरलो. लय शांत गाव. तीन दिस राह्यलो तथी." बोलता बोलता तो ठाण्यात बसल्याचं विसरला. "हा शिंपी, साहेब! लाट आली का जोडे हातात घेऊन पयत सुटे. येकडाव तं याच्या पाठीवरच चढला!"

"आन् तू?" शिंपी म्हणाला. "समुद्राच्या पान्याचा च्या कोनं केला? येवढं पानी पडेल हाय, हिरीवर कायले जाव म्हने!"

पिंजारीही हसला. मग तिघांचं लक्ष पातेल्याकडे गेलं. लोहारानं हळू आवाजात सांगितलं, शेवटच्या दिवशी पिंजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बापाशी बराच वेळ बोलला. हे दोघं वाळूत पाठ फिरवून बसले. मग त्यानं बाटली भरली.

आगबोटीची फाटकी तिकिटं शिंप्याच्या टोपीच्या अस्तरात निघाली. संशय उरला नाही. जमादारांनी ठाण्याचा रोजनामचा उघडला. "साहेब, लिहू काय? रिसोडात मीठ तं येकाच जागी तयार झालं, आपल्या चुलीवर."

पिंजाऱ्यानं ते मीठ रुमालात बांधलं. मी त्यांच्यासोबत त्याच्या घरी गेलो. माझी चूक मीच सांगायची, असं वाटेत ठरवलं होतं. म्हातारी बाजेवर पडली होती. वर्दी पाहून ती उठायची धडपड करू लागली. "साहेब, पोरानं काई केलं का?"

मी तोंड उघडण्याआधीच पोरगा म्हणाला, "काई नाई अम्मा. साहेब तुले पाहाले आले. पानी आनलं होतं, वाटेत उन्हानं आटलं. येवढं राह्यलं."

तिनं रुमाल उघडला. दोन बोटं मिठात ठेवली, बराच वेळ तशीच ठेवली, मग ओठांशी नेली. "लय खारं हाय रे," ती म्हणाली. "येवढ्या खाऱ्यात निजला बिचारा." मग माझ्याकडे वळली. "साहेब, उभे काहून? बसा ना."

मी बसलो. तिच्या घरचा चहा प्यालो. बोललो काहीच नाही.

त्या तिघांना मी कुठं गेलात, केव्हा गेलात, कोणासोबत गेलात, हे दहा-दहा वेळा विचारलं होतं. का गेलात, हे एकदाही विचारलं नाही. पुढं प्रत्येक जबानीत मी तो प्रश्न आधी विचारू लागलो. त्यानं कितीतरी तपास सोपे झाले, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. ती मी मान खाली घालून घेतली. नोकरीत खोट्या जबान्या मी पुष्कळ फोडल्या. पिंजाऱ्यानं माझ्यासाठी दिलेली तेवढी तशीच राहू दिली.

ती म्हातारी त्यानंतर सात महिने जगली. ठाण्यापासून तिचं घर चालत पाच मिनिटांवर होतं.