सरकीच्या गोदामातला निकाल

मी फार न्यायी आहे, असं मला त्या काळी मनापासून वाटायचं. झेल जमिनीला टेकून घेतला की वरचेवर, कोणाची सायकल कोणी पाडली, असले सगळे तंटे वर्गातली पोरं माझ्याकडे आणायची आणि मी दोन्ही बाजू ऐकून घेऊन निकाल द्यायचो. वय सोळा-सतरा. मिसरूड फुटत होतं, शहाणपणाचा अजून पत्ता नव्हता. आपण शांत डोक्याचे आहोत, याचाच मला केवढा माज होता!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्यात अकरावीला होतो. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मामाने परदेशातून एक खेळ आणला होता. त्यात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एक इंग्रजी पुस्तक होतं आणि बरेच कोन असलेले फासे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दरी आली तर काय करणार? उडी मारणार असाल तर टाका फासा. गोष्ट सांगणारा म्हणेल ते खरं. पुस्तकातलं निम्मं आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्ही आपलंच काहीतरी रचलं. राक्षस काढून टाकले, सातपुड्यातले ओस पडलेले किल्ले घातले, तापी घातली. गोष्ट सांगणारा अर्थात मी. दुसऱ्या कोणाला ती खुर्ची द्यायची कल्पनाही माझ्या डोक्यात आली नाही.

खेळणारे चौघं. त्यातले दोघं जुळे भाऊ. ते फक्त एकमेकांशी भांडायचे, इतरांच्या भांडणात टाळ्या वाजवायचे. त्यांचं इथे फारसं काम नाही. तिसऱ्याच्या वडिलांचं गावाबाहेर कापसाचं जिनिंग होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या धुळ्यात काढलेली. खेळात तो सरदार व्हायचा. चौथा एसटीच्या कंडक्टरचा मुलगा, नरडाण्याहून रोज बसने यायचा आणि खेळात वाटाड्या व्हायचा. हे शेवटचे दोघं आठवीपासूनचे जिवलग. नरडाण्याची बस चुकली की वाटाड्या सरदाराच्या घरीच जेवायचा, तिथेच झोपायचा. बारावीनंतर दोघांनी मिळून जळगावला इंजिनिअरिंगला जायचं आणि एका खोलीत राहायचं, हेही ठरलेलं होतं. स्टोव्ह कोण आणणार इथपर्यंत ठरलेलं.

आमची बैठक जिनिंगच्या सरकीच्या गोदामात भरायची. रविवारी दुपारी तिथे कोणी फिरकत नसे. कापसातून रुई निघाली की उरलेल्या सरकीचा ढीग तिथे पत्र्यापर्यंत गेलेला असायचा. तेलाच्या गोड, कोंदट वासात आम्ही रिकाम्या पोत्यांवर बसायचो. एकदा मला वाटलं, हा ढीग आमचा खेळ ऐकतोय. मी ते बोलून दाखवलं, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

पहिलं भांडण माघात झालं. खेळातल्या किल्ल्यावर पायऱ्या ढासळलेली एक बारव होती. वाटाड्या दोराने आत उतरला होता आणि दोर सरदाराच्या हातात होता. तेवढ्यात मी पाठीमागून शत्रू आणला. सरदाराने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "दोर कापतो."

"खरंच कापला?" वाटाड्याने विचारलं. तीन महिने जपलेला त्याचा माणूस बारवेच्या तळाशी पडला होता.

"अरे, खेळ आहे. दोघं मेलो असतो."

"मी नसता कापला."

इथवर ठीक होतं. पण सरदार हसला, आणि वाटाड्याचा तोल गेला. तो म्हणाला, "तुम्हाला सवयच आहे. खालचा माणूस तुम्हाला दिसतच नाही." सरदाराचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, "आमच्या घरी जेवताना दिसतो बरोबर."

जुळ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या नाहीत. ही दोन वाक्यं खेळातली नव्हती, हे लहान पोरालाही कळलं असतं. त्या दोघांना बाहेर न्यायचं, चहाच्या टपरीवर बसवायचं, रडायचं तर रडू द्यायचं, एवढंच करायला हवं होतं. पण मी मांडी ठोकून बसलो, फासे गोळा केले आणि निकाल दिला. मला माझा तो आवाज अजून आठवतो आणि कानफटात मारावीशी वाटते.

निकाल असा होता. खेळातलं भांडण खेळातच मिटवायचं, बाहेर त्याबद्दल ब्र काढायचा नाही. वाटाड्या मेला नाही, कपारीला लोंबकळून वाचला. आणि यापुढे सरदाराच्या जिवावर बेतेल तेव्हा फासा पडणार नाही. मी वाटाड्याकडे वळून "तुझ्या हातात आहे" असं म्हणेन. त्याने फक्त "वाचवतो" किंवा "सोडतो" एवढंच बोलायचं. तो "सोडतो" म्हणाला की सरदार संपला.

जुळ्यांना हे भलतंच आवडलं. मलाही. सरदार आणि वाटाड्याने माना डोलावल्या, पण एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दर रविवारी मी सरदाराला कुठेतरी मरणाच्या दारात नेऊन उभा करायचो. कधी तापीच्या पुरात, कधी आग लागलेल्या वाड्यात. मग वाटाड्याकडे वळून म्हणायचो, "तुझ्या हातात आहे." तो नखाने पोत्याचा सुतळीचा टाका उसवत बसायचा. सरदार खाली मान घालून वाट बघायचा. आणि बऱ्याच वेळाने वाटाड्या म्हणायचा, "वाचवतो. आज."

ते "आज" ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि खरं सांगतो, तो काटा मला हवाहवासा वाटायचा. इतका रंगलेला खेळ आम्ही कधी खेळलो नव्हतो. सरदार एव्हाना फासा टाकतानाही त्याच्याकडे चोरून बघायला लागला होता. भांडणाबद्दल बोलायची तर बंदीच होती, आणि ती मीच घातलेली. वाटाड्याने त्यांच्या घरी जेवायचं बंद केलं. बस चुकली तर तो स्टँडवर बसून राहायचा. दोघं वेगवेगळे यायचे, वेगवेगळे जायचे. जळगावच्या खोलीचं नाव कोणी काढेना. हे सगळं मला दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं, भांडण खेळात मिटून निकाल पुरा झाला की सगळं आपोआप जागेवर येईल. खरं म्हणजे निकाल पुरा व्हायलाच मला नको होता.

होळी होऊन गेल्यानंतरचा रविवार. हंगाम सरत आला होता. त्यामुळे रविवार असूनही सकाळीच सरकीची पोती भरून ट्रक गेला होता. ढीग खालून ओरबाडलेला आणि वरची कड तशीच पुढे आलेली. मुकादम आबा जेवायला निघताना दारात थांबून म्हणाले, "पोरंहो, ढिगजवळ बसू नका. खालथीन पोकळ शे."

"हो आबा," आम्ही म्हणालो आणि पोती तीन हात मागे ओढली.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि गोदाम भट्टीसारखं तापलं. जुळे पाणी आणायला विहिरीवर गेले. गोष्टीत सरदार एका भुयारात अडकला होता आणि मी आज काहीतरी भयंकर योजलं होतं. तेवढ्यात खरा सरदार उठला. "वरची झडप उघडतो, जीव गुदमरतोय," असं म्हणून तो ढिगावर चढायला लागला. आबांचं बोलणं मला आठवलं होतं. तो अर्ध्यावर होता तेव्हा मी तोंड उघडणार, एवढ्यात वाटाड्या म्हणाला, "खाली ये रे." कितीतरी आठवड्यांनी तो त्याच्याशी थेट बोलला.

सरदार वळला. ढिगातून सूंऽऽ असा आवाज आला, मोठा नाही. वरची कड तुटली आणि त्याच्यासकट खाली आली.

धुरळा इतका उडाला की समोरचं काही दिसेना. मग एक हात दिसला आणि अर्धा चेहरा. वाटाड्या धावत गेला, गुडघ्यापर्यंत रुतला आणि त्याने तो हात धरला. ओढला. हात तसूभर हलला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण धुळीने त्याला ठसका लागला आणि शब्द फुटला नाही. तो नुसताच बघत राहिला.

मी पोत्यावर बसलेलो, मांडीवर पुस्तक. आणि मी म्हणालो, "तुझ्या हातात आहे."

हे मी ठरवून म्हणालो नाही. तोंडात बसलेलं वाक्य, ते आपसूक बाहेर पडलं. पण म्हणालो एवढं नक्की, आणि स्पष्ट म्हणालो.

वाटाड्या माझ्याकडे असा पाहत राहिला की ती नजर मी कोणाला सांगू शकत नाही. तेवढ्यात वरून आणखी सरकी घसरली आणि तो अर्धा चेहरा दिसेनासा झाला. मग तो किंचाळला, "आठे ये ना भो! मरी जाई तो!" आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला.

तेव्हा कुठे मी उठलो. मी पोहोचेपर्यंत आरडाओरडा ऐकून आबा आणि सकाळी पोती भरायला आलेल्या दोन बाया धावत आल्या होत्या. एकीने फावडं उचललं तर आबा ओरडले, "फावडं नको, पोराले लागी जाई! हातेच काढा!" मीही उकरलं. पण वाटाड्याची नखं उलटली होती आणि माझी शाबूत होती. सरदाराला बाहेर काढला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. आबांनी त्याला पालथा करून पाठीवर थापा मारल्या. नाकातोंडातून सरकी आणि रुईची लव बाहेर पडली आणि मग तो रडला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. जगला.

तीन दिवस मी दवाखान्यात गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. खोलीच्या दाराशी पोहोचलो तर आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. वाटाड्या कॉटच्या कडेला बसून चिंध्या बांधलेल्या बोटांनी त्याला मोसंबी सोलून देत होता आणि जळगावच्या खोलीत स्टोव्ह असावा की गॅस यावर वाद चालला होता. मी आत गेलो.

"त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

"आत सगळं ऐकू येत होतं," सरदार म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "तोंडात सरकी, डोळे बंद, पण ऐकू येत होतं. हा ओढत होता ते. आणि तू बोललास ते."

वाटाड्या मोसंबीवरचं पांढरं काढत राहिला. वर न बघता त्याने विचारलं, "मना एकलाघाई निंघत नव्हता म्हणीसन मी तुनाकडे पाह्यं. तुले काय वाटनं?"

त्याच्या एकट्याने सरदार निघत नव्हता, म्हणून मदतीसाठी त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. मला काय वाटलं होतं ते मला नीट माहीत होतं. मला वाटलं होतं, तो विचारतोय. वाचवू की सोडू, हे तो मला विचारतोय. आठवीपासूनच्या मित्राचा हात हातात धरून तो असं विचारू शकेल, हे मला एका क्षणात पटलं होतं. त्याला तसा मीच रचला होता, रविवारमागून रविवार. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

तेवढ्यात सरदाराची आई डबा घेऊन आत आली. मला बघताच तिचे डोळे भरून आले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुम्ही दोघं होतात म्हणून माझा पोरगा वाचला रे बाबा." मी दोघांकडे पाहिलं. त्यांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं आणि आताही दोघं काही बोलले नाहीत. तिने थर्मासमधून चहा ओतून कप माझ्या हातात दिला. त्यांच्या समोर, उभ्या उभ्या, मी तो सगळा प्यालो.