माझा ठिपका भजनाला गेला

मुलगा बंगळूरला नोकरीला गेला, तेव्हा जाताना माझ्या मोबाइलमध्ये लोकेशन चालू करून गेला. काळजी वाटते, म्हणाला. तेव्हापासून मी आमच्या विजय नगरातून जरा कुठे निघाले की फोन आलाच, "आई, सदर बाजारात काय करून राहिली तू?" जन्मभर शाळेत मी पोरांची हजेरी घेतली, आता नकाशावरचा एक निळा ठिपका माझी हजेरी देत होता! मोबाइल बंद ठेवला तर लगेच शेजारी चौकशी.

शेवटी एका गुरुवारी मी शेजारच्या मैत्रिणीला म्हटलं, "आज भजनाला जाताना माझा मोबाइल तुझ्या पर्समध्ये घेऊन जा." मी कुठे निघाले, हे तिलाही सांगितलं नाही. ती हसत हसत घेऊन गेली. आणि मी? मी चक्क शहराबाहेरच्या बरगी धरणाची बस पकडली! कॉलेज बुडवून निघालेल्या पोरीसारखी खिडकीशी जाऊन बसले. धरणावर वारा नुसता पिसाटला होता. एका हाताने पदर सांभाळत मी गरमागरम भुट्टा खाल्ला. या घडीला मी कुठे आहे, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं! एकटीच मोठ्याने हसले.

संध्याकाळी मोबाइल परत घेतला, तोच वाजला.

"आज भजनात फार वेळ बसलीस, आई."

"हो का?"

"पण एवढी खुश काहून आहेस?"

"काहून रे, ते नाही दिसत तुला तिथे?"