बाबांना बसता येत नाही

आमच्या बाबांना आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, आणि ते माणूस म्हणजे आमची आई.

बाबा चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपायचे. कुठला मीटर जिन्याखाली, कुठला कपाटामागे, सगळं तोंडपाठ. माणसं मात्र एकही ओळखीची नाहीत. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा आईबरोबर बाजारात गेले, तर भाजीवाल्यापासून केमिस्टपर्यंत जो तो आईशी थांबून बोलतोय आणि हे पिशवी धरून उभे. "हे तुमचे मिस्टर का?" असं एकीने विचारल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

आई वाचनालयातल्या मंडळातर्फे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडे सोबतीला जायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, प्रत्येकाकडे चांगले दोन-दोन तास. त्यात एक म्हातारे घड्याळजी होते. बाबांचा सगळा राग त्या बिचाऱ्यावर.

"एवढं काय बोलता गं दोन तास?"

"ते बोलतात हो. मी ऐकते."

खोटं कशाला बोलू, पोटात माझ्याही दुखायचं. माझ्या लेकीला जरा सांभाळ म्हटलं, की आईचं उत्तर ठरलेलं, "मंगळवार-शुक्रवार सोडून कधीही आण."

मग बाबांनीही समाजसेवा करायचं मनावर घेतलं. रक्तपेढीने वय विचारून परत पाठवलं. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला गेले, तर तिथे तीन निवृत्त मंडळी आधीच शिट्ट्या घेऊन उभी होती, चौथ्याला जागा नव्हती. शेवटी नाक मुठीत धरून आईच्याच मंडळात गेले. मंडळ चालवणाऱ्या हेडसरांनी आनंदाने पाच घरं दिली.

पाचही घरं बाबांनी पाऊण तासात उरकली! दार वाजवायचं, "काय, तब्येत बरी ना?" विचारायचं, वहीत 'ठीक' लिहायचं आणि पुढचं दार. एका आजींकडे तर सवयीने आधी मीटर बघितला. त्या चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या, तोवर पाहुणा गायब. मी हसून हसून बेजार झाले. आई अजिबात हसली नाही.

आजींची तक्रार गेली आणि हेडसरांनी बाबांना बोलावलं. ते तिथे भांडतील म्हणून मीही बरोबर गेले.

"नुसतं डोकावून नाही चालत हो," हेडसर म्हणाले. "बसावं लागतं."

बाबा उसळले. "बसतो की! पण हिला असं काय सोनं लागलंय, सगळे हिलाच डोक्यावर घेतात ते?"

"वहिनींना दुसऱ्या बाजूची माहिती आहे ना. त्या पहिल्यांदा आल्या त्या काही सेवा करायला नव्हत्या आल्या. तुम्हाला ठाऊक असेलच." त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढून सहजपणे पुढे केली.

नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज. सोबत मागणाऱ्यांचा. अक्षर आईचं. 'घरात माणसं किती' यापुढे लिहिलं होतं, तीन. 'सोबत कशासाठी हवी' यापुढे, बोलायला.

माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तीनमधली एक मी.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कोण यायचं हिच्याकडे?"

"एक नर्सबाई. दीड वर्ष येत होत्या, दुपारच्या. आता त्या नाहीत."

"काय बोलायच्या दोघी?" बाबांचा आवाज अजून हेव्याचाच होता, फक्त आता तो फार बारीक झाला होता.

"ते आम्ही कुणाला विचारत नाही," हेडसर म्हणाले.

मला त्या परक्या, मेलेल्या बाईचा इतका हेवा वाटला, की तिचं नाव विचारायचंही मी टाळलं. आईला जे सांगायचं होतं ते तिने तिला सांगून टाकलं होतं. आमच्यासाठी त्यातलं काही उरलंय का, हे घरी येऊन आईला विचारायची हिंमत आम्हा दोघांपैकी एकालाही झाली नाही.